म्हापशातील ६४ दिवस: एका आईची याचिका आणि कलम ३७७ विरुद्धचा लढा

१/
१४ फेब्रुवारी १९८९. गोव्यात म्हापशाजवळच्या पर्रा गावातील डॉमिनिक डिसोझा या २९ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. तो नियमित रक्तदान करीत असे, एवढेच. त्यानंतरचे ६४ दिवस त्याने पहाऱ्यात, एकट्याने काढले. समलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांसाठी भारतात झालेल्या लढ्याचे एक मूळ या ६४ दिवसांत सापडते. त्या मुळाचा हा मागोवा.

२/
आधी काळ समजून घ्यावा लागेल. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला झाली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि विषाणू देशात पोहोचल्याचे सिद्ध केले. औषध नव्हते, माहिती त्रोटक होती, भय मात्र अमर्याद होते. ‘हा परक्यांचा रोग, वाईट चालीच्या माणसांचा रोग’ ही समजूत सुशिक्षितांतही रूढ होती.

३/
या भयातून कायदा जन्मला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, ज्याच्या रक्तात हा विषाणू आढळेल त्याला शासनाने वेगळे ठेवावे. किती दिवस, याची मर्यादा नव्हती. पटकी किंवा देवी यांसारख्या साथींसाठी जो विचार केला जाई, तोच येथे जसाच्या तसा लागू केला गेला. परंतु हा विषाणू हवेतून, पाण्यातून वा स्पर्शातून पसरत नाही आणि तो शरीरात वर्षानुवर्षे राहतो. मग विलगीकरण संपणार तरी केव्हा? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते.

४/
डॉमिनिकने दिलेल्या रक्तात विषाणू आढळला होता, पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. पुढे त्याने सांगितलेल्या हकिगतीनुसार, रुग्णालयातील नोंदवहीत आपल्या नावापुढे लिहिलेला शब्द दृष्टीस पडला, तेव्हाच त्याला सारे उमगले. तेथून त्याची रवानगी वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात झाली. बाहेर पोलिसांचा पहारा. उपचार कोणतेच नव्हते. ज्याच्याकडून समाजाला धोका आहे अशी एक वस्तू, एवढेच त्याचे स्थान उरले.

५/
त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. वकील होते ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या मुंबईच्या संस्थेचे आनंद ग्रोव्हर. बाहेर डॉमिनिकचे मित्र आणि सहकारी त्याच्या सुटकेसाठी झटत होते. नाटककार व प्राध्यापिका इसाबेल सांता रिता वाझ त्यांत अग्रभागी होत्या. मागे ना मोठा पक्ष, ना पैसा. न्यायालयाच्या आदेशाने ६४ दिवसांनी डॉमिनिक घरी आला.

६/
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डॉमिनिक सुटला, म्हणून खटला जिंकला असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात ‘ल्युसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ या प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने विलगीकरणाचा अधिकार मूलतः वैध ठरवला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर व्यक्तीच्या हक्काने मागे सरावे, असे त्याचे सूत्र होते. मुलगा घरी आला, पण आई कायद्याची लढाई हरली.

७/
आणि तरीही या पराभवातून एक प्रश्न शिल्लक राहिला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे आरोग्य हे खरोखर परस्परांचे शत्रू आहेत काय? तपासणीचा परिणाम म्हणून कोठडी मिळणार असेल, तर तपासणीला येईल कोण? जो येणार नाही त्याला आपल्या प्रकृतीचा पत्ता लागणार नाही, आणि ज्याला पत्ता नाही तो इतरांचे रक्षण कसे करील? ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांनी याला ‘एड्सचा विरोधाभास’ म्हटले: ज्यांच्यापासून धोका आहे असे वाटते, त्यांच्या हक्कांचे रक्षण हाच साथ रोखण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग. पुढची तीस वर्षे भारतातील अनेक खटल्यांत याच युक्तिवादाचे पडसाद उमटले.

८/
गोव्यातील हा प्रकार एकाकी नव्हता. दिल्लीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची सक्तीने रक्ततपासणी करण्याचे प्रयत्न सुरू होते. १९८९ मध्ये राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक मांडले गेले. सक्तीची तपासणी आणि विलगीकरण यांचे अधिकार त्यात होते. त्याला विरोध करणाऱ्यांत दिल्लीतील एक छोटा गट होता: एड्स भेदभाव विरोधी आंदोलन. वकील, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते यांचा हा गट. परदेशी निधी घ्यायचा नाही, पगारी पदे ठेवायची नाहीत, हा त्यांचा दंडक. ते विधेयक पुढे मागे घेण्यात आले.

९/
या गटाच्या कामाची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. ते आधी माणसांकडे जात आणि नंतर लिहीत. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पैशासाठी रक्त विकणारे गरीब लोक यांच्याशी बोलून त्यांनी अहवाल काढले. त्याच वाटेने ते समलिंगी व्यक्तींपर्यंत पोहोचले. एड्सच्या निमित्ताने ज्यांच्याकडे बोट दाखवले जात होते, त्यांतील या माणसांचे तर अस्तित्वच कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्यात मोडत होते.

१०/
तो कायदा म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये संहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये ती मंजूर झाली आणि १८६२ पासून अमलात आली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधांसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा तीत होती. परस्परांची संमती असली तरी सुटका नव्हती. शिक्षा झालेल्यांची संख्या फार नव्हती, हे खरे. कलमाचा खरा उपयोग दुसराच होता: धमकी, खंडणी आणि बदनामी. ज्याला तक्रार करायला पोलीस ठाण्यात जाता येत नाही, त्याला लुटणे सोपे असते.

११/
१९९१ च्या अखेरीस या गटाने ‘लेस दॅन गे’ हा नागरिकांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या गुलाबी मुखपृष्ठामुळे तो ‘गुलाबी पुस्तक’ म्हणूनही ओळखला जातो. भारतातील समलिंगी व्यक्तींच्या स्थितीची अशी सविस्तर मांडणी तोवर कोणी केली नव्हती. त्यातील मागण्या आज वाचताना थक्क व्हायला होते. कलम ३७७ रद्द करा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहांना मान्यता द्या, हेही त्यांनी मागितले. तेव्हा जगातील एकाही देशाने असा विवाह मान्य केलेला नव्हता. नेदरलँड्सने तो मान्य केला २००१ मध्ये.

१२/
या अहवालामागील एक प्रमुख नाव सिद्धार्थ गौतम. हा तरुण वकील जानेवारी १९९२ मध्ये कर्करोगाने वारला. वय अवघे २८. त्याच वर्षी, मे महिन्यात, गोव्यात डॉमिनिक डिसोझाचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी मित्रांना हाताशी धरून डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली होती. आपल्यावर गुदरले ते दुसऱ्यावर गुदरू नये, हा तिचा साधा हेतू. एकाच वर्षाच्या पूर्वार्धात दोन तरुण गेले. दोघांचेही काम मागे उरले.

१३/
११ ऑगस्ट १९९२. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील सेंट्रल पार्कमधून काही पुरुषांना केवळ समलिंगी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी पकडले होते. त्याच्या निषेधार्थ आयटीओ येथील पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने झाली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी भारतात झालेले हे पहिले ज्ञात जाहीर निदर्शन मानले जाते. जमाव मोठा नव्हता. पण आजवर ज्या इमारतीपासून तोंड लपवायचे, तिच्याच दारात फलक घेऊन उभे राहणे ही गोष्टच नवी होती. भर रस्त्यात, दिवसाउजेडी हे घडले.

१४/
मुंबईत काम निराळ्या रीतीने उभे राहात होते. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. वाकोल्यातील महापालिकेच्या इमारतीत तिला जागा मिळाली, ही बाब लक्षणीय आहे. राज्याच्या एका हातात कलम ३७७ चा दंडुका होता, तर दुसरा हात याच लोकांना आरोग्यसेवेसाठी जागा देत होता. पुढे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापून मराठीतून लेखन, समुपदेशन आणि मदतीची वाट मोकळी केली. आपल्याविषयी आपल्याच भाषेत, शिवी नसलेला शब्द वाचायला मिळणे, याचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

१५/
१९९४ मध्ये राज्याचे हे दोन हात उघडपणे एकमेकांवर आपटले. तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध देण्याची सूचना आली. तेव्हाच्या कारागृह महानिरीक्षक किरण बेदी यांनी ती नाकारली. निरोध देणे म्हणजे गुन्ह्याला मदत करणे आणि असे संबंध घडतात याची कबुली देणे, असा त्यामागील पवित्रा होता. म्हणजे कायदा पाळण्यासाठी कैद्यांचे आयुष्य धोक्यात घालायचे! एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली आणि कलम ३७७ च्या वैधतेलाच आव्हान दिले. न्यायालयातील ते पहिले आव्हान. पुढे गटाचे काम थंडावले आणि २००१ मध्ये याचिका फेटाळली गेली.

१६/
दरम्यान मुंबई उच्च न्यायालयात १९९७ मध्ये एक महत्त्वाचा निकाल लागला. एचआयव्ही आढळला म्हणून कामावरून काढलेल्या एका कामगाराचे हे प्रकरण. निकालपत्रात त्याचे नाव नाही. तेथे तो ‘एमएक्स’ आहे. काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ विषाणूमुळे कामावरून दूर करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तितकेच मोलाचे म्हणजे, नाव उघड न करता दाद मागण्याची मुभा त्याला दिली. आजवर अनेकांनी न्यायालयाची पायरी चढली नव्हती ती कायदा प्रतिकूल म्हणून नव्हे, तर नाव छापून येईल या धास्तीने.

१७/
या साऱ्या कथेत स्त्रिया कोठे होत्या, असा प्रश्न साहजिकच पडतो. आरोग्याच्या चर्चेत पुरुषच केंद्रस्थानी राहिले, कारण तेथे विषय साथीचा होता. डिसेंबर १९९८ मध्ये हे चित्र पालटले. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटात दोन जावांचे प्रेम दाखवले होते. त्यावरून मुंबई व दिल्लीतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. उत्तरादाखल दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहाबाहेर मेणबत्त्या घेऊन लोक जमले. आपण भारतीयही आहोत आणि समलिंगीही, असे सांगणारा फलक तेथे एका स्त्रीच्या हातात होता. ‘हे आपल्याकडचे नाही’ या आक्षेपाला याहून थेट उत्तर कोणते असणार?

१८/
जुलै २००१ मध्ये लखनऊ येथे पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक केली. त्यांचे माहितीपर साहित्य अश्लील ठरवले गेले आणि कलम ३७७ ही लावले गेले. सुमारे दीड महिना ते तुरुंगात होते. साथ रोखण्यासाठी धडपडणारा माणूसच गुन्हेगार ठरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अंजली गोपालन यांच्या ‘नाझ फाउंडेशन’ने दिल्ली उच्च न्यायालयात नवी याचिका केली. बाजू मांडणारी संस्था होती लॉयर्स कलेक्टिव्ह. म्हापशाच्या प्रकरणात ल्युसी डिसोझांच्या मागे उभे राहिलेले आनंद ग्रोव्हर आता दिल्लीत उभे होते.

१९/
मार्ग सरळ नव्हता. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, याचिकाकर्त्या संस्थेला प्रत्यक्ष झळ पोहोचलेली नाही, म्हणून दार लावून घेतले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवले. मग एक अपूर्व दृश्य दिसले. केंद्र सरकारचे गृह मंत्रालय कलमाच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देत होते आणि त्याच सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना कलमाच्या विरुद्ध. स्त्रियांचे व बालहक्कांचे काम करणारे गटही ‘व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७’ या नावाने एकत्र येऊन खटल्यात सामील झाले. त्यांच्या येण्याने युक्तिवाद रुंदावला. प्रश्न आता केवळ रोगाचा नव्हता, तो प्रतिष्ठेचा झाला.

२०/
२ जुलै २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला: प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांना कलम ३७७ लागू होणार नाही. निकालाचा एक आधार होता डॉ. आंबेडकरांची संविधानिक नीतिमत्तेची कल्पना. बहुसंख्याकांची नीती म्हणजे संविधानाची नीती नव्हे, हा तिचा अर्थ न्यायालयाने येथे लावला. मराठी वाचकाला येथे एक जुना संदर्भ आठवेल. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर आंबेडकरांनीच घेतले होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता. तो खटलाही ते हरले होते.

२१/
११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द केला. अशा व्यक्तींची संख्या अत्यल्प आहे, हे एक कारण देण्यात आले. हे कारण नीट पाहावे. हक्क मिळण्यासाठी संख्या लागत असेल, तर मूलभूत हक्कांचे प्रयोजनच काय? बहुसंख्येला संरक्षणाची गरज क्वचितच पडते. चार वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्कावरील निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही संख्येची कसोटी सदोष ठरवली. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने कलम ३७७ ची व्याप्ती कायमची आटोपती घेतली. इतिहासाने या लोकांची क्षमा मागायला हवी, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात काढले.

२२/
त्या दिवशीचा जल्लोष सर्वांना आठवतो. चार दिवसांनी, १० सप्टेंबर २०१८ रोजी, आणखी एक गोष्ट घडली आणि ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ अमलात आला. माहितीपूर्ण संमतीवाचून तपासणी करता येणार नाही, आणि बाधित व्यक्तीला वेगळे काढून ठेवणे हा भेदभाव होय, असे त्यात म्हटले आहे. १९८९ मध्ये ल्युसी डिसोझा ज्यासाठी न्यायालयात गेल्या आणि जे त्यांना मिळाले नाही, ते असे कायद्याच्या पुस्तकात आले. त्याला २९ वर्षे लागली. अटकेच्या वेळी डॉमिनिकचे वयही तेवढेच होते.

२३/
डॉमिनिकच्या कथेवरून प्रेरणा घेऊन ओनीर यांनी २००५ मध्ये ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट केला. त्याचा नायक समलिंगी आहे. चित्रपट पाहून डॉमिनिकच्या खासगी आयुष्याविषयी निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्याला कोंडणाऱ्यांनीही तेच केले होते: रक्ताच्या एका चाचणीवरून माणसाच्या चारित्र्याचा अंदाज. तो कोणावर प्रेम करीत असे, या प्रश्नावर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून नव्हते, आणि कोणाचेच असू नये. समलिंगी हक्कांची चळवळ आणि नागरी स्वातंत्र्याची चळवळ एकत्र आल्या त्या या मुद्द्यावर.

२४/
गुलाबी पुस्तकाचा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. १९९१ ची पहिली मागणी २०१८ मध्ये मान्य झाली. विशेष विवाह कायद्याची मागणी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली आणि विषय संसदेकडे सोपवला. जोडीदार रुग्णालयात असता सही कोणी करायची, घर कोणाच्या नावे राहायचे, वारसा कोणाला मिळायचा, हे प्रश्न आजही लाखो घरांत उभे आहेत. आयटीओच्या फुटपाथवर १९९२ मध्ये उभ्या राहिलेल्या मूठभरांना आपल्या हयातीत काही बदलेल याची खात्री नव्हती. तरी ते आले होते.